एकीपुरती जागा

१

निवृत्तीनंतर माणसं आराम करतात, असं ओर्लेथा बेंब्रीने ऐकलं होतं. तिच्या वाट्याला मात्र रोज सकाळी साडेसातला शाळेचं कुलूप काढणं आलं होतं. शाळा म्हणजे दोन खोल्यांची जुनी लाकडी इमारत. फळा अजून जागेवर होता, पोरं पन्नास वर्षांपूर्वी शहरातल्या मोठ्या शाळेत गेली ती गेलीच. ओर्लेथा खिडक्या उघडायची, छताचा पंखा लावायची, इस्त्री तापत ठेवायची आणि थर्मासमधली कॉफी संपवून कामाला बसायची. पंखा प्रत्येक फेऱ्याला एकदा टक् करायचा. पहिल्या आठवड्यात तिला त्याचा राग यायचा, नंतर तो थांबला की चुकल्यासारखं वाटायचं.

सॉयर्स बेंड हे कॅरोलायनातलं, नदीच्या वळणावरचं काळ्या माणसांचं गाव. शहराच्या वाचनालयात या भागाच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात नदीपलीकडच्या गोऱ्या घराण्यांचे वाडे होते, घोडे होते, एका पानावर तर चार शिकारी कुत्रे होते आणि चारही कुत्र्यांची नावं खाली छापलेली होती. सॉयर्स बेंडबद्दल एक ओळ होती. ते पुस्तक मिटताना ओर्लेथाच्या डोक्यात तिडीक गेली होती, आणि हे सगळं काम त्या तिडिकीतून निघालं होतं.

गावात घराघरांतून तिने पाच जुने सामुदायिक फोटो जमवले. पहिला १९०८ सालचा, शेवटचा १९४७ चा. पाच फोटोंत मिळून त्रेसष्ट माणसं, त्यांतली नावं माहीत होती एकोणिसांची. उरलेली चव्वेचाळीस नावं जगात एकाच माणसाजवळ होती, तिच्या झेनोबी आत्याजवळ. आत्या चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या आणि सात वर्षांपासून त्यांना दिसत नव्हतं. हृदयही थकलं होतं. पानगळीपर्यंत धरून चालू नका, असं डॉक्टरांनी जूनमध्येच सांगून टाकलं होतं.

आंधळ्या माणसाला फोटो कसा दाखवायचा? ओर्लेथा उत्तरेकडच्या न्यूअर्क शहरात वाढलेली, तिथे तिने तीस वर्षं नवऱ्या मुलींचे झगे शिवले होते. तिला जे येत होतं तेच तिने केलं. एकेक फोटो मोठा करून सुती कापडावर छापून आणला. प्रत्येक माणसाच्या कडेने जाड दोऱ्याचा टाका घातला, मागून चीर देऊन आत कापूस भरला, की माणूस कापडातून वर यायचा. नाक वेगळं, टोपीची कड वेगळी, कॉलर वेगळी. बोटांनी वाचता येईल असा चेहरा. ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी होमकमिंग असतं, गाव सोडून गेलेले सगळे त्या दिवशी परत येतात. तोवर पाचही चित्रं नावांसकट भिंतीवर लागायला हवी होती.

"एवढ्या उकाड्यात गोधड्या शिवणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय," लिनवुड म्हणायचा. लिनवुड आत्यांचा मुलगा, ओर्लेथाचा आतेभाऊ. चर्चच्या इमारतींची देखभाल त्याच्याकडे होती.

"तुझ्या आईसाठीच शिवतेय ना? मग चित्रं टांगायच्या पट्ट्या ठोक आणि गप बस."

"ठोकतो बाई. न्यूअर्कवाल्यांपुढे आम्ही काय बोलणार?"

दोन खिडक्यांच्या मध्ये साडेचार फूट भिंत होती, चित्रं तेवढ्यात एकाखाली एक बसवायची होती. आत्यांच्या तळव्याला कळायचे तर चेहरेही मोठेच हवे होते. नशिबाने पाचही फोटोंत रांगेमध्ये एक रिकामी फट होती. सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या डावीकडे, एक माणूस मावेल एवढी. फोटो काढणाऱ्यांना साधं माणसं जवळ घेऊन उभी करताही येत नव्हती, असं ओर्लेथाला वाटलं. तिने पाचही कापडांतून ती रिकामी पट्टी कात्रीने काढून टाकली आणि दोन्ही बाजू एकमेकींना जोडून शिवल्या. जोड इतका सफाईदार आला की ती स्वतःवर खूश झाली.

२

दुसऱ्या दिवशी १९०८ च्या चित्रातला जोड फुगलेला होता.

जरासाच. दमट हवेत कापड ओढतं, नदी जवळ आहे, लाकडी घर आहे. तिने पाणी शिंपडून इस्त्री मारली. दुपारपर्यंत जोड सपाट राहिला आणि ती जेवून आली तेव्हा पुन्हा वर आला होता. कापडाच्या मधोमध नाही, खाली पायांपाशीही नाही. खांद्याच्या उंचीवर. खच्चून भरलेल्या बाकावर कुणीतरी दोघांच्या मधून खांदा घालून बसायला बघतं, तसा.

तिने जोड उसवून पुन्हा शिवला, या वेळी दुहेरी. तीस वर्षांत तिची शिवण कुणी परत आणली नव्हती, आणि आता एका सुती कापडापुढे हरणं तिच्या स्वभावात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या चित्रातला जोडही वर आला. त्याच उंचीवर. हे कापड वेगळ्या ठाण्यातलं होतं आणि दोराही नवा होता. तिने स्वतःला समजावलं की हात तोच आहे, तेव्हा चूकही तीच होणार. सुईला जास्त ताण बसत असेल. साठी उलटलेल्या बोटांवर विश्वास किती ठेवायचा?

दुपारी ती पाठमोरी उभी राहून इस्त्री करत होती. भर दोन वाजता, उघड्या खिडक्या, बाहेर लख्ख ऊन. आणि मागे पाय घासल्याचा आवाज झाला. एकाच माणसाचा नव्हता तो. बरीच माणसं ओळीने उभी असावीत आणि सगळ्यांनी मिळून अर्धं पाऊल बाजूला सरकावं, तसा. चपलांचा, बुटांचा, अनवाण्या पायांचाही. मग शांत. पंख्याची टक् टक् चालू होती.

ती वळली. भिंतीला टेकवलेली पाच चित्रं होती, तेवढीच. जमिनीखाली घूस असेल, असं ती मोठ्याने म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून तिला बरं वाटलं, पण त्या दिवशी ती तीनलाच कुलूप लावून घरी गेली. घरी गेल्यावर लक्षात आलं की इस्त्री चालूच राहिली आहे. ती बंद करायला परत जाताना तिने लिनवुडला सोबत नेलं आणि कारण सांगितलं नाही.

३

चौथ्या दिवशी सकाळी लिनवुडने आत्यांना गाडीतून आणलं. वॉकर टेकत टेकत त्या आत आल्या, डोक्यावर चर्चची निळी टोपी, हातांत पांढरे हातमोजे. खुर्चीत बसल्यावर त्यांनी मोजे काढून पर्समध्ये ठेवले आणि दोन्ही तळवे मांडीवर पुसले.

"कुठे आहेत माझी माणसं?"

ओर्लेथाने पहिलं चित्र पुढ्यात धरलं. आत्यांचा हात कापडावर आला आणि थबकला. मग बोटं चालायला लागली, कपाळावरून भुवईवर, नाकावरून ओठांवर, गालाच्या हाडाला वळसा घालून कानापर्यंत. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून ओर्लेथाचे डोळे भरून आले. इतके दिवसांचं पाठीचं दुखणं वसूल झालं.

"हा इझिकेल काका. बघ, कान कसा बाहेर आलाय. याच्या कानाला धरूनच बाप शेतावर न्यायचा. लिहिलंस का?"

"लिहिते, आत्या."

"ही रोक्सी. हिला गाता येत नव्हतं आणि गप्पही बसता येत नव्हतं. हा तिचा नवरा, बिचारा डब्लिन. लिनवुड, हसू नकोस, तुझं नाक त्याचंच आहे."

"माझं नाक देवाने दिलंय, मम्मा."

"देवाला एवढं मोठं करायला वेळ कुठे होता?"

एकामागून एक सात नावं आली. ओर्लेथाची पेन्सिल थांबत नव्हती. मग आत्यांचं बोट जोडापाशी आलं. इस्त्री मारून त्याला कालच सपाट केलं होतं, पण तो पुन्हा वर आला होता.

"हे काय आहे?"

"शिवण आहे. मध्ये थोडी रिकामी जागा होती, ती काढून टाकली. चेहरे मोठे करता यावेत म्हणून."

आत्यांनी हात उचलला नाही. उलट पूर्ण तळवा त्या जोडावर ठेवला. "गरम आहे," त्या हळूच म्हणाल्या.

ओर्लेथाने बोट लावून पाहिलं. खिडकी पलीकडच्या बाजूला होती, इस्त्री सकाळपासून थंड होती. जोड कोमट होता, मानेजवळची कातडी असते तसा. तिने बोट पटकन काढून घेतलं.

"सगळ्यांतून काढलीस?"

"पाचही."

लिनवुडने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "अगं, ती जागा सोडलेली असते," तो म्हणाला.

"कुणासाठी?"

"हे तुला न्यूअर्कमध्ये कोण सांगणार? इथे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी कुणाला सांगत नाही."

मग आत्या बोलल्या, आणि फार थोडं बोलल्या. त्यांच्या आजीला एक मोठी बहीण होती. नऊ वर्षांची असताना मालकाने तिला विकली. नदीपलीकडच्या रस्त्यावरून गाडी गेली, तेव्हा पोर गाडीत मागे तोंड करून बसली होती. पुढच्याच वर्षी गुलामी सुटली. मग वीस वर्षं शोधलं, पाद्र्यांना पत्रं लिहून घेतली, वर्तमानपत्रांत छापून आणलं. काही कळलं नाही.

"मेली असंही कुणी सांगितलं नाही ना? मग फोटोवाला आला की आजी म्हणायची, सरका. एकीपुरती जागा ठेवा. परत आली तर तिला उभं राहायला जागा नको?" आत्यांचा तळवा अजून जोडावर होता. "नाव काय होतं तिचं, ते मला माहीत नाही. आजीने कधी उच्चारलं नाही. उच्चारायला गेली की तिला श्वास लागायचा. तिच्याबरोबर ते नाव गेलं."

"मला माहीत नव्हतं, आत्या."

"माहीत नव्हतं हे मला कळतंय, पोरी. पण जागा परत घाल. तिला बाहेर ठेवून मी बाकीच्यांची नावं घेणार नाही."

"अहो, पण रविवारला सोळा दिवस राहिलेत. नावं तरी सांगून ठेवा. तुमची तब्येत..."

"मरायची भीती तू मला नको घालूस." त्या मोजे चढवू लागल्या. "लिनवुड, गाडी काढ."

४

चिंध्यांची पिशवी फेकलेली नव्हती. झगे शिवणारी बाई कापडाचा तुकडा कधी फेकत नाही, एवढं एक बरं झालं. ओर्लेथाने पाचही पट्ट्या शोधून काढल्या, इस्त्री केल्या आणि खिडकीखालच्या लांब टेबलावर सालाप्रमाणे ओळीने लावायला घेतल्या. सकाळचे दहा वाजले होते. तिला फक्त कोणती पट्टी कुठली आहे ते ठरवायचं होतं.

पट्ट्यांवर काहीच नव्हतं. मागे लाकडी भिंत नाहीतर झाडं, पुढे गवत, माती. कापताना तिने एवढंच पाहिलं होतं.

१९०८ च्या पट्टीत खालच्या कडेला, गवतावर, एक गोल काळा डाग होता. सावली. एखाद्याचं डोकं असावं तशी. तिला हसू आलं, कारण जुन्या फोटोंत हे नेहमीचंच. सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढायचा, मग काढणाऱ्याचीच सावली खाली पडते.

१९२३ च्या पट्टीत डोकं आणि खांदे होते.

१९३१ च्या पट्टीत कमरेपर्यंत.

ती खुर्चीत बसली. उठून पाणी प्यायली आणि पुन्हा बसली. फोटो काढणारे पाच वेगळे लोक होते, जागाही वेगळ्या होत्या. चर्चच्या पायऱ्या, हेच शाळेचं अंगण, तंबाखूचं कोठार, नदीचा धक्का, पुन्हा चर्च. फोटो काढणारा उभा राहतो मध्यभागी, आणि ही फट कधी डावीकडे होती, कधी जवळजवळ टोकाला. तरी सावली प्रत्येक वेळी बरोबर फटीसमोर होती. १९३९ च्या पट्टीत घोट्यापर्यंतचा झगा दिसत होता, एका बाजूला वाऱ्याने उडालेला. त्या फोटोतल्या बाकी कुणाचंही झग्याचं टोक, रिबीन, काही हलत नव्हतं. तिने भिंग आणून मूळ फोटो पाहिला. त्यातही तसंच होतं.

शेवटची पट्टी बघायला तिने बराच वेळ घेतला. १९४७. सावली पूर्ण होती, डोक्यापासून टाचांपर्यंत. डोकं रांगेतल्या माणसांच्या मागच्या भिंतीवर पोचलं होतं, सगळ्यांच्या डोक्यांच्या बरोबरीने. टाचा गवतावर टेकलेल्या दिसत होत्या. आणि टाचांपाशी कुणी नव्हतं. तेवढ्या गवताची पाती मात्र दबलेली होती.

चाळीस वर्षं ती गाडीतून नेलेली पोर चालत होती. प्रत्येक फोटोगणिक थोडी थोडी, जागा ठेवली आहे या भरवशावर. ओर्लेथाला भीती वाटलीच, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटलं, चर्चमध्ये सगळे एकदम उठून उभे राहतात तेव्हा वाटतं तसं. आणि मग शरम वाटली. ती अगदी दाराशी पोचली होती आणि ओर्लेथाने कात्री चालवली होती.

तिला एकदा वाटलं की हे कुणालातरी दाखवावं, शहरातल्या कॉलेजात, कुणी शिकलेला माणूस गाठून. त्याने सावलीचा कोन मोजला असता, झाड दाखवलं असतं, खांब दाखवला असता. कदाचित ते खरंही असेल. तिने भिंग पेटीत ठेवलं आणि टाके कापायची उसवणी हातात घेतली.

५

दुहेरी शिवण उसवायला तास लागतो. तिने पहिला टाका कापला आणि बाकीची शिवण वरपासून खालपर्यंत आपोआप सुटत गेली, दोरा जमिनीवर पडला. पाचही चित्रांत असंच झालं. ती प्रत्येक वेळी मागे सरकून उभी राहिली आणि शिवण थांबेपर्यंत श्वास रोखून धरला.

पट्ट्या बसवायला दहा दिवस गेले. कापड कापलं की दोन्हीकडचं अर्धा अर्धा इंच जातं, ते भरून काढायला तिने मागून अस्तर लावलं, टाके कापडाच्या रंगाचे घेतले. काम करताना पाठीमागे पायांचा आवाज यायचा, पुन्हा तेच अर्धं पाऊल बाजूला. तिने घुशीचं नाव घेणं सोडलं होतं. आवाज आला की ती सुई थांबवायची आणि सगळे नीट उभे राहीपर्यंत वाट बघायची.

आत्यांना त्या आठवड्यात दोनदा धाप लागली. दुसऱ्यांदा लिनवुडने त्यांना इस्पितळात नेलं आणि त्या भांडून संध्याकाळी परत आल्या. ओर्लेथाला जेवण जाईना. चव्वेचाळीसपैकी पाच नावं हाती आली होती, कारण त्या सातांतली दोन तिला आधीच ठाऊक होती. बाकीची एकोणचाळीस त्या थकलेल्या छातीत अडकली होती, तिच्या एका कात्रीमुळे.

"खिडक्यांच्या मध्ये आता मावत नाहीत," लिनवुडने मोजपट्टी गुंडाळत सांगितलं.

"मग समोरच्या लांब भिंतीवर लाव. फळा काढ."

"फळा? अगं, शंभर वर्षांचा आहे तो."

"लिनवुड."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या १९४७ च्या चित्राकडे. "आम्ही आता फोनवर फोटो काढतो," तो म्हणाला, "त्यात डोकी मावायचीच मारामार. जागा सोडल्याला किती वर्षं झाली कुणास ठाऊक." मग त्याने मुकाट्याने फळ्याचे स्क्रू काढायला घेतले.

६

होमकमिंगच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी एक वाजता आत्या आल्या. ओठ निळसर दिसत होते. बाहेर चर्चच्या आवारात मासे तळायच्या कढया मांडण्याचा आवाज चालला होता. लिनवुडने खुर्ची भिंतीला समांतर ठेवली, म्हणजे त्यांना बसल्या बसल्या हात पुरेल.

पहिल्या चित्राच्या पट्टीवर त्यांनी तळवा ठेवला. कापड सपाट होतं, थंड होतं. त्यांनी मान हलवली आणि उरलेली तीन नावं सांगितली. मग दुसरं चित्र, तिसरं. खुर्ची पुढे सरकत होती. प्लेझंट, ओबेड, जुळ्या बहिणी आर्टी आणि ओर्टी, नदीत बुडालेला हार्डी, एका डोळ्याचा मोझेल ज्याला सगळे घाबरायचे आणि जो कोंबडीलाही घाबरायचा. ओर्लेथा लिहीत होती, नाव झालं की चित्राखाली टाचणीने चिठ्ठी लावत होती. चार चित्रं झाली. भिंतीवर पंचेचाळीस माणसं आपापल्या नावांवर उभी होती, आणि तिला वाटलं, आता ते पुस्तक आणा म्हणावं इथे.

शेवटचं चित्र अठरा जणांचं. आत्या भराभर पुढे जात होत्या, आवाज बारीक झाला होता. सतरावा चेहरा चाचपताना त्या थांबल्या, हसल्या.

"ही मी. पंचवीस वर्षांची. काय मान होती माझी!" बोटं दंडावर आली. "इथे, डाव्या अंगाला जागा सोडली होती. भर ऑगस्ट, घामाच्या धारा. आणि फोटो काढेपर्यंत हा एवढा दंड गार पडला होता. मी कुणाला बोलले नाही."

"पलीकडची शेवटची कोण, आत्या?" ओर्लेथाने विचारलं. एकच नाव राहिलं होतं.

"ती माझी आई. फॅरिबी. तुझी आजी, तू जन्मायच्या आधीच गेली." त्रेसष्ट पूर्ण झाली. ओर्लेथाने डोळे मिटले. संपलं होतं काम.

आत्यांचा हात मात्र खाली आला नाही. तो परत पट्टीपाशी गेला. कापडाला टेकला नाही, वीतभर अलीकडे हवेतच थांबला. मग बोटं वाकली आणि चालू लागली. कपाळावरून भुवईवर, नाकावरून ओठांवर, गालाच्या हाडाला वळसा घालून कानापर्यंत. दोन तास ओर्लेथा तो हात चेहऱ्यांवरून फिरताना बघत होती. हवेवर हात असा फिरत नाही.

बाहेरच्या कढयांचा आवाज थांबला होता की ऐकू येत नव्हता, कोण जाणे. पंखा फिरत होता पण टक् करत नव्हता.

"केवढी मोठी झालीस," आत्या म्हणाल्या.

लिनवुड दारापाशी उभा होता. त्याच्या हातातली टोपी खाली पडली आणि त्याने ती उचलली नाही.

"नाव काय तुझं, बाळ? माझ्या आजीच्या तोंडून ते कधी निघालं नाही. तूच सांग." त्यांनी कान पुढे केला, कमी ऐकू येणारी माणसं करतात तसा, आणि थांबल्या. ओर्लेथाला काही ऐकू आलं नाही. तिने कितीही कान देऊन ऐकलं तरी काही ऐकू आलं नाही. तिला फक्त आत्यांचा चेहरा दिसत होता, आणि त्यावर जे पसरत गेलं ते तिने आयुष्यात दुसऱ्या कुठल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

"लिही," आत्या म्हणाल्या. "सिल्व्ही."

तिने लिहिलं. चौसष्टावं नाव.

"आणि हे कुणाला आणलंस बरोबर? तुझीच का ही पोरं-नातवंडं?"

आत्यांचा हात खाली उतरला, चार-पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवर, आणि फिरला. वर गेला, मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर. मग डावीकडे, चित्राच्या कडेपलीकडे, उघड्या भिंतीसमोर. खुर्ची पुरेना. दोन वर्षांत वॉकरशिवाय एक पाऊल न टाकलेल्या आत्या उठून उभ्या राहिल्या. ओर्लेथा त्यांना धरायला पुढे झाली.

"तू मध्ये नको येऊस, पोरी. सरक. वाट दे."

ओर्लेथा सरकली. लिनवुडने न सांगता खुर्च्या बाजूला ओढल्या, टेबल भिंतीला लावलं, दाराची बंद असलेली दुसरी झडपही उघडली. आत्या भिंतीच्या कडेने चालत होत्या. हात खाली जात होता, वर येत होता, एका जागी दोन्ही हात लागले, कुणाच्या तरी कडेवर तान्हं मूल होतं. त्या नावं विचारत होत्या, ऐकत होत्या, सांगत होत्या. जोसाया. लिटल सिल्व्ही. मार्च. टेनर. वहीचं पान भरलं, ओर्लेथाने उलटलं, तेही भरत आलं. ती रडत होती, आणि लिहिणं थांबवायचं तिच्या मनातही येत नव्हतं.

आत्या उंबऱ्यापाशी पोचल्या. ओठांवरचा निळेपणा गेला होता. त्यांनी बाहेरच्या उन्हाकडे तोंड केलं आणि एक हात वर केला.

"ओरडू नका सगळे एकदम," त्या म्हणाल्या. "एकेकाने सांगा. माझी भाची लिहून घेतेय."